याकोबमामांचं जादा कडवं

आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमध्ये गीत संपतं, मंडळी बसते, पाळकसाहेब प्रार्थनेला डोळे मिटतात, आणि पायपेटी चालूच राहते. याकोबमामा आणखी एक कडवं वाजवतात. गात कुणीच नाही. मामा मात्र डोळे मिटून, मान डोलावत पाय मारत असतात.

वेळ वाचवायला आम्ही चार कडव्यांच्या गीताचं पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं म्हणतो. उपासनेचा क्रम मी लावते, म्हणजे कात्री माझीच. मामा मला दर रविवारी विचारतात, "ताई, तिसऱ्यानं काय घोडं मारलंय?"

मामा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ त्यांनीच लावलंय. एका लग्नात नवरानवरी गाडीत बसून निघून गेली, तरी मामांचं कडवं राहिलेलंच होतं. युवक संघाने कीबोर्ड आणला, त्याला ते इस्त्रीचं टेबल म्हणतात.

नवे पाळकसाहेब तरुण आणि घड्याळाचे पक्के. त्यांनी मामांना स्पष्टच सांगितलं, कापणीच्या सणाला जादा कडवं वाजलं, तर पुढच्या रविवारपासून कीबोर्ड.

मामा म्हणाले, "पेटी तुमची हाय, साहेब. पन मी बसलोय तवर चार म्हंजी चार."

सणाच्या आदल्या रविवारी, सणाला लिलावात विकायचे अर्पणाचे भोपळे आणि कणसं मामांच्या ओसरीवर उतरवायची होती. त्यांचं घर चर्चच्या भिंतीला लागून. उपासना चालू असतानाच मी तिकडे गेले. आत खाटेवर रूथमामी. पाय अधू झाल्यापासून त्यांचं चर्चला येणं बंद झालंय. खिडकी उघडी टाकून त्या गात होत्या. भिंतीपलीकडे मंडळी गाऊन बसली, पेटी वाजत राहिली, आणि मामींनी चौथं कडवं सुरू केलं.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बोललेलं कळत न्हाई इथून, पेटी तेवढी येती. माझं संपल्याबिगर त्यांनी उठायचं न्हाई, असं ठरलंय आमचं."

घरी येऊन मी आधी क्रमातल्या लांबलचक सूचना छाटल्या. मग महिला मंडळातल्या सगळ्यांना फोन लावले.

सणाच्या दिवशी दुसरं कडवं संपलं. गीताचे शब्द दाखवणाऱ्या पडद्यावर शेवटचं आलं, पण बायकांनी खड्या आवाजात तिसरंच उचललं. पुरुष क्षणभर पडद्याकडे बघत राहिले, मग गीतपुस्तकांची पानं फडफडली. पाळकसाहेबांनीही पुस्तक उघडलं. मामांनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि भात्यावर असे पाय मारले की ठिगळाची मला काळजी वाटली. चौथ्या कडव्याला तर छपराचे पत्रे थरथरत होते.

पेटी आणि मंडळी प्रथमच एकदम थांबली. मी हाताने उभंच राहायची खूण केली, कुणी बसलं नाही. मामा खिडकीकडे बघत होते. भिंतीपलीकडून एक बारीक आवाज अर्धी ओळ मागे राहिलेला येत होता. तो सावकाश शेवटाला पोचला आणि "आमेन" म्हणाला.

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

लिलावाच्या गडबडीत पाळकसाहेब पेटीपाशी गेले. मामा झाकण लावत होते.

"मामा," ते हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी थोडं सावकाश घ्या. मामींना दम लागतोय."