मधमाश्या, मी आणि सासऱ्यांचं पत्र

मधमाश्या पाळण्याचं दोन दिवसांचं शिबिर केलेल्या माणसाला जगात अशक्य असं काही उरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या गच्चीवरच्या पेटीतली राणी मेली, माश्या रोज घटू लागल्या, तरी मी डगमगलो नाही. राणीवाचून पेटी थोड्याच दिवसांत ओस पडते.

"कुठलंतरी रानटी पोळं काढायचं आणि राणीसकट आपल्या पेटीत मिसळायचं. डाव्या हाताचा मळ!" मी बायकोला म्हणालो.

"डावा हात मागच्या वेळचा अजून सुजलेला आहे," ती म्हणाली.

पोळं मिळालं ते पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या दवाखान्याच्या पाटीमागेच होतं! डॉक्टर रडकुंडीला आले होते. "माश्या खोलीत फिरतात हो! एकही पेशंट आ करायला तयार नाही!"

मी शिडी लावली, धूर केला, पाटी उतरवली. पोळ्याचे तुकडे कापून लाकडी चौकटींत रबरबँडनी बांधले आणि राणीसकट सगळा संसार नव्या पेटीत भरला. नाकावरचा एक डंख सोडला तर काम देखणं झालं.

खरी मेख पुढेच असते. दोन घरांच्या माश्या एकदम एकत्र सोडल्या तर मुडदे पडतात. म्हणून एका पेटीवर दुसरी ठेवायची आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. दोन्हीकडच्या माश्या तो कुरतडत बसतात, तेवढ्यात एकमेकींचा वास ओळखीचा होतो आणि भांडण टळतं. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींमध्ये असा कागद घालायचं कुणाला सुचलं नाही! असो. संध्याकाळी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, पेट्या जुळवल्या आणि शीळ घालत खाली आलो.

खाली सासरे पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत होते. ते आठ दिवस आमच्याकडे मुक्कामाला होते.

"जावईबापू, इथला पेपर पाहिलात?"

"ते चार पानी साप्ताहिक? का हो?"

"अरे, त्यात बाबांचं पत्र छापून आलंय!" बायको म्हणाली. "अकरा वर्षं पाठवतायत, पहिल्यांदा छापलं!"

माझी शीळ घशातच राहिली. वेळ काढायला मी विचारलं, "विषय काय होता, बाबा?"

"सार्वजनिक हिताचा," ते तुटकपणे म्हणाले.

मी कोपऱ्यात जाऊन साप्ताहिकाच्या कचेरीत फोन केला. एकही अंक शिल्लक नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर असा अंक निघतो हेच प्रथम ऐकलं. शेवटी कबूल केलं.

"पेटीत आहे. पण तीन दिवस उघडता येणार नाही. आधी उघडलं तर मारामारीत राणी मरेल, दोन्ही घरं बुडतील!"

"आणि तीन दिवसांनी पत्राचं काय उरेल?" सासऱ्यांनी विचारलं.

"भुसा," मी म्हणालो.

सासरे न जेवता झोपले. मला खरंच वाईट वाटलं. अकरा वर्षांत माणसाचं एक पत्र छापून यावं आणि जावयाने ते माश्यांना घालावं! सकाळी ठरवलं, पेटी गेली तर गेली.

गच्चीवर सासरे रेनकोट घालून आणि डोक्यावर खिडकीचा पडदा घेऊन हजर झाले. मी श्वास रोखून वरची पेटी उचलली. एक मुडदा नाही! एका रात्रीत माश्या मिसळून गेल्या होत्या, राणी शाबूत होती. आणि पत्राच्या जागी ताटाएवढं भोक होतं. कडेला एकच ओळ उरली होती:

"माझे जावई हे अत्यंत"

पुढे भोक!

"बाबा! तुम्ही माझ्यावर लिहिलंत?" मी हरखून विचारलं.

"म्हणजे... ओघात आलं..." सासरे भोकाकडे बघत म्हणाले.

"अत्यंत काय, बाबा? कष्टाळू? हरहुन्नरी?"

"तुम्हीच समजा."

एवढा विनय! मी त्यांना कडकडून मिठी मारली. मध्ये एक माशी सापडली, ती त्यांना चावली.

उरलेले दिवस मी सासऱ्यांना नुसतं डोक्यावर घेतलं. टीव्हीचा रिमोट दिला, आमचा पलंग दिला, मी स्वतः जमिनीवर झोपलो. ती ओळ कापून काचेच्या चौकटीत घातली आणि दिवाणखान्यात लावली. सासरे तिच्याकडे पाठ करून बसायचे. संकोच, दुसरं काय!

त्यांना बसमध्ये बसवून आलो आणि बायकोला म्हणालो, "तू वाचलं होतंस ना ते पत्र? अत्यंत काय होतं ग?"

"शीर्षक होतं 'गच्चीवरील उपद्रव'."

"बरं, पण अत्यंत काय?"

"हेकेखोर," ती म्हणाली. "त्यापुढे आणखी तीन विशेषणं होती. सांगू?"

नको म्हणालो. चौकट अजून भिंतीवरच आहे. काढली तर आल्यागेल्याला कारण सांगावं लागेल!