डागवाले अप्पा

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी लाँड्रीवाल्या अप्पांवर संकट आलं. संकट पांढरं होतं: दवाखान्यातल्या डॉक्टरांचे कोट! डॉक्टर खिशात पेन विसरायचे, पेन मशीनमध्ये फुटायचं आणि चाळीस कोट गोवर उठल्यासारखे ठिपके घेऊन बाहेर यायचे.

मेट्रन बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "अप्पा, आता एक जरी डाग दिसला, तर सगळे कोट समोरच्या लाँड्रीत!"

दवाखाना गेला तर दुकानाला टाळंच लागणार होतं. 'खिसे तपासा' अशी पाटी अप्पांनी डॉक्टरांच्या खोलीत लावून पाहिली होती. डॉक्टर तिच्याच खिळ्याला कोट टांगायचे!

"पाटी कुणाच्या लक्षात राहते? माणूस राहतो!" अप्पा बायकोला म्हणाले. "आता मीच पाटी होतो. बघ, आठवड्यात सगळे डॉक्टर सुतासारखे सरळ!"

आणि त्यांनी पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशावर धाकटीची शाईची अख्खी बाटली ओतली.

"अहो, डोकं फिरलंय का? थोरलीच्या लग्नात शिवलेला शर्ट तो!"

"अगं, हा डाग बघितला की ज्याला त्याला आपला खिसा आठवेल!"

अप्पा रोज तोच शर्ट घालून कोट आणायला जाऊ लागले. चार दिवसांत अख्खा दवाखाना त्यांना ओळखायला लागला. "आले, डागवाले अप्पा आले!" पेशंटसुद्धा खाटेवरून हात करायचे. अप्पांची छाती फुगली, त्याबरोबर डागही फुगला. पण खिसा काही कुणाला आठवेना. आठवलं ते भलतंच!

"स्वतःचा शर्ट धुता येत नाही, तो आपले कोट काय धुणार?" एक नर्स म्हणाली. तासाभरात मेट्रन बाई दुकानात हजर.

"अप्पा, हे काय?"

"बाई, हा डाग मी मुद्दाम पाडलाय!"

"मुद्दाम?" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "म्हणजे आमच्या कोटांवरचेसुद्धा...?"

"नाही हो! थांबा, आत्ता काढून दाखवतो!"

अप्पांनी शर्ट उतरवला, बादलीत बुडवला. घासला, पिळला, पुन्हा बुडवला. बायको एकदा सोडा टाकत होती, एकदा कपाळाला हात लावत होती. डाग जाईना, उलट फिरायला निघाला! आधी कॉलर, मग बाह्या. शेवटी बादलीतून निघाला तो आभाळासारखा निळा शर्ट. अप्पाही कोपरापर्यंत निळे, बनियनवर, मान खाली घालून उभे.

बाईंनी शर्ट उजेडात धरला. "डाग कुठाय?"

"आता सगळा डागच आहे, बाई."

बाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. "यावर पेन फुटलं तर कुणाला दिसणारही नाही. कोट असेच करून द्या. सगळे!"

दुकान वाचलं. पुढची बावीस वर्षं त्या दवाखान्यातले डॉक्टर निळ्या कोटात फिरले. आणि खिसा? तो एकानंही, एकदाही तपासला नाही!

अप्पा एकाहत्तराव्या वर्षी, जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी वारले. मेट्रन बाई त्यांच्याआधी दोन वर्षं गेल्या.