तुळजाबाईंनी वाचलेलं पुस्तक

अंबरीशच्या टेबलावरची चौसष्ट पानं तुळजाबाईंनी उचलली तेव्हा अंबरीश क्लासला गेला होता. तो घरी जेवायला येईपर्यंत त्या पानांच्या साठ झेरॉक्स निघाल्या होत्या.

लातूरच्या क्लासच्या गल्लीत एखादं पोरगं तीन महिने पट्टी घेऊन कागद भरतंय म्हणजे ते नोट्स काढतंय, यात कुणालाच शंका नसते. तुळजाबाईंना तर नव्हतीच. भूकंपाच्या साली गाव सोडून त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ मांडली. तेव्हापासून लोकांची पोरं त्यांच्या भाकरी खाऊन डॉक्टर झाली आणि घरचा नातू अंबरीश तेवढा खिडकीबाहेर बघत बसायचा. आता बघा म्हणावं. आकृत्या, बाण, कोष्टकं, सगळं इंग्रजीत. मराठीत एकच ओळ, शेवटच्या पानावर: ‘हे सर्वांसाठी फुकट आहे. कुणीही झेरॉक्स काढून वाटावं.’ तेवढी त्यांनी बोट फिरवत वाचली आणि त्यांचा ऊर भरून आला.

खरा प्रकार वेगळा होता. अंबरीशला टेबलावर बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक मांडून, टेपनं अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायचा नाद होता. तो खेळ काढणारी विलायती कंपनी दर दोन-तीन वर्षांनी नियम बदलायची. नवं पुस्तक आलं की आधीची फौज बाद. वैतागून त्यानं स्वतःच्या नियमांचा खेळ लिहिला. सैनिक नसले तर खडू चालतील, बटणं चालतील, आणि पुस्तक जगात कुणालाही फुकट.

दुपारी प्रत्येक ताटाबरोबर एक प्रत गेली. जळकोटचे शेषेराव मुलाला, हरिओमला, भेटायला आले होते.

“काकू, कशाच्या नोट्स हायत?”

“सगळ्याच्या.”

“तुम्ही बघितल्या?”

“बघितल्या? अख्ख्या वाचल्यात. सातवी शिकलेय मी.”

शिकल्या होत्या दुसरी. हरिओमनं चौथं पान उघडलं, बापाकडं बघितलं, तुळजाबाईंकडं बघितलं आणि गंभीर तोंडानं म्हणाला, “लई भारी हायत.”

त्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांना अभ्यासाची गोडी लागली. दोघं दोघं समोरासमोर बसायची. हातात शिंप्याची टेप, सोंगटीचे फासे. कुणी विचारलंच तर, “संभाव्यता करायलोत.” अर्धा तास एका जागी न बसणारा हरिओम जेवायलाही उठेना. जळकोटला ही खबर गेली आणि शेषेरावांनी डोळे पुसले. तुळजाबाईंनी चाकूरला धाकट्या जावेला, सरजाबाईंना, एसटीनं एक प्रत धाडली. तिची नात दीपमाला हुशार म्हणून सरजा फार टेंभा मिरवायची. तिलाही कळू दे.

आठवडाभर घरीच जेवणाऱ्या अंबरीशनं रविवारी खानावळीत पाय ठेवला आणि पोरांच्या हातातली आपली पानं बघून जागीच थांबला.

“आजी, हे काय केलंस?”

“वाटलं. अख्खं वाचून वाटलं. तूच लिवलास की, वाटा म्हून.”

“अगं, खेळ आहे तो. चौथ्या पानावर लिहिलंय, मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवावा.”

तुळजाबाईंच्या हातातली पळी वरणातच राहिली. पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे चमकत होते. “मला वाटलं होतं, चार-पाच जण खेळतील. इथं साठ जण खेळायलेत.” मग त्यानं साधंच विचारलं, “पण तू तर वाचलंय म्हणालीस?”

तुळजाबाई आत गेल्या. मंगळवारी पोरांची मोठी टेस्ट होती. गप्प बसावं तर लोकांची लेकरं बुडणार. बोलावं तर तीस वर्षं कमावलेला मान जाणार. पदराला हात पुसून त्या पंगतीसमोर उभ्या राहिल्या.

“ऐका. त्या नोट्स न्हाईत, खेळ हाय. अन् मी वाचल्या न्हाईत. मला इंग्रजी येत न्हाई. मराठीतली शेवटची ओळ तेवढी वाचली.”

पोरांनी माना ताटात घातल्या. रविवारच्या भेटीला आलेले शेषेराव हात धुऊन हळूच जवळ आले.

“काकू, पुढचा भाग निघाला वाटतं?”

“कसला भाग?”

“अंबरीशपुरताच ठेवायचा असंल तर सरळ सांगा. त्याच्यापायी स्वतःला अडाणी म्हणवून घेऊ नका. शोभत न्हाई तुम्हाला.”

बाकीचे पालकही मान हलवत होते. इतकी वर्षं खोटं बोलल्या, तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं होतं. तुळजाबाईंनी वाद घातला नाही. दारात उभ्या राहून प्रत्येक पोराकडून टेप आणि फासे काढून घेतले, पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि टेस्ट होईस्तोवर डबा बंद केला. ‘म्हातारी आपल्या नातवासाठी आमची पोरं मागं ओढायली’ हे बोलणं भिंतीपलीकडून ऐकू आलं. ऐकून घेतलं.

राहिली सरजा. तिला फोन लावला.

“सरजा, ते पुस्तक बंद कर. खेळ हाय तो.”

“अक्का, मला शिकवू नका. दुसरं माणूस लागतं म्हून मीच बसते दीपमालेसंगं. पाचदा हरवलंय तिला. पोरगी म्हणती, आजी, तू डॉक्टर झाली असतीस. खेळ असता तर मला कळलं नसतं का?”

फोन ठेवून तुळजाबाई डब्यापाशी गेल्या. मग झाकण काढून एक टेप आणि दोन फासे बाहेर घेतले.

“अंबरीश, पहिल्या पानापासून सांग. हळू सांग.”

“कशाला, आजी?”

“पाचदा म्हणं,” तुळजाबाई पुटपुटल्या. “आधी दार लाव.”