एल्मरच्या बदल्यात टोटॉय

बास्केटबॉलची टीम कशी चालवावी हे अख्ख्या फिलिपिन्समध्ये दोनच माणसांना कळतं. त्यातला दुसरा कोण, ते मला अजून सापडलेलं नाही.

माझं नाव हेर्मोहेनेस, पण वस्तीत मला मोहेंग म्हणतात. पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करतो. माझं दुकान कुलासकाकांच्या सलूनला चिकटून आहे. दोन्हींच्या मधल्या बाकावर बसून मी कित्येक वर्षं आमच्या लाडक्या मनिला मरिनर्स टीमच्या व्यवस्थापनाचे वाभाडे काढत आलो आहे. बास्केटखाली खेळणारा चांगला धडधाकट, उंच सेंटर दुसऱ्या टीमला देऊन त्यांनी गुडघे गेलेला म्हातारा घेतला, तेव्हा त्याच दिवशी मी सांगितलं होतं की फसलात! ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांची पाळीपाळीने निवड होते त्यात, पहिली पाळी हाताशी असून त्यांनी भलताच पोरगा उचलला. तेव्हा तर मी दोन दिवस कुकरला हात लावला नाही. ''यांच्या जागी मी असतो तर'' हे वाक्य मी सुरू केलं की कुलासकाका वस्तरा न थांबवता म्हणतात, ''तर टीम कधीच बुडाली असती.''

काका थट्टेखोर आहेत. ते सोडा.

पिडोचा विषय मात्र सोडता येत नाही. पिडो माझा शेजारी आणि शिवाय कुम्पारे, हाक मारताना नुसतं पारे. म्हणजे त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा होतो. नातं इतकं जवळचं की त्याच्याशी उघड भांडता येत नाही, आतल्या आत जळावं लागतं. आणि जळायला काय कमी आहे? आम्ही दोघांनी एकाच दिवशी आंबा लावला. त्याच्या झाडाला टेकू द्यावे लागतात, माझ्या झाडाला वाळत घातलेले कपडे तेवढे लागतात. जत्रेच्या सोडतीत तांदळाचं पोतं त्याला. तो कराओकेवर गायला लागला की कुत्री उठून जातात, पण यंत्र गुण देतं ते माझ्यापेक्षा जास्त!

या माणसाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. फाउल झाला की ''आता कोणाचा डाव?'' विचारतो. पण वस्तीच्या जत्रेतला करंडक दरवर्षी त्याच्याच टीमकडे. कारण काय, तर सरावानंतर तो सगळ्यांना गरमागरम लुगाव खाऊ घालतो. आल्याचा वास सुटलेली तांदळाची पेज, वर उकडलेलं अंडं. वस्तीतली सगळी चांगली पोरं त्या अंड्यामागे.

यंदा वस्तीच्या प्रमुख कपिताना रेमेदियोस यांनी ठरवलं, की हे बास झालं, आता खेळाडू ड्राफ्टने वाटायचे. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''मोहेंग, बाकावरून फार वर्षं बोललास. एक टीम तुझी.''

मी घरी आलो तो हवेतच.

निवडीच्या दिवशी पहिली पाळी माझी निघाली. मी माझ्या मुलाचं, एल्मरचं नाव घेतलं. बाप म्हणून नव्हे, जाणकार म्हणून! एल्मर चोवीस वर्षांचा आहे. मोटारसायकलच्या गॅरेजात काम करतो, उंचीने माझ्यावर गेलाय म्हणजे फारसा कुठे गेलेला नाही, पण चेंडू घेऊन पळाला की समोरच्याला फक्त वारा लागतो. दुसऱ्या पाळीला कोण, तेही माझं ठरलं होतं. टोटॉय. टोटॉय म्हणजे बाळ्या. हा बाळ्या सहा फूट पाच इंच होता. नुकताच मावशीकडे राहायला आलेला. चर्चमधला दिवा त्याने शिडीशिवाय बदललेला मी या डोळ्यांनी पाहिला होता.

पण मधली पाळी पिडोची होती. त्याने डोकं खाजवलं आणि तो म्हणाला, ''मला तो उंच पोरगा द्या. आमच्या जिन्यातली ट्यूब गेलीय.''

ट्यूब! सहा फूट पाच इंचांचा सेंटर या माणसाने ट्यूब बसवायला घेतला!

माझं जेवण गेलं. मासा समोर तसाच राहिला. बायको मिलाग्रोस म्हणाली, ''कुठे दुखतंय?''

''पिडो दुखतोय,'' मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मी पिडोच्या अंगणात होतो. टोटॉय जिन्यात उभ्या उभ्या ट्यूब बसवत होता.

''पारे,'' मी म्हणालो, ''अदलाबदल करायची का? टोटॉय मला दे.''

''बदल्यात?''

''एल्मर.''

पिडोच्या हातातला कप थांबला. ''पारे, तो तुझा मुलगा आहे.''

''व्यवस्थापनात नाती नसतात. भावनेच्या भरात टीम चालवणारे लोक कुठे पोचले, ते मरिनर्सकडे बघून समजतं.''

''वहिनींना विचारलंस?''

''व्यवस्थापन बायकोला विचारत नाही.''

''थोडा विचार कर. त्या टोटॉयचं...''

तो कच खातोय हे मी ओळखलं. अशा वेळी जाणकार माणूस बोली वाढवतो. ''वर पुढच्या वर्षीची माझी पहिली पाळीही तुझी,'' मी म्हणालो. ''बोल.''

पिडोने कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. मी तो इतक्या घाईने धरला की कॉफी सांडली.

एल्मर संध्याकाळी गॅरेजातून आला. मी त्याला सगळं नीट समजावलं. तो हात पुसत म्हणाला, ''ताताय, तुम्ही मला देऊन टाकलंत?''

''देऊन टाकलं कसं? बदल्यात घेतलंय.''

मिलाग्रोस स्वयंपाकघरातून बाहेर आली. ''माझा मुलगा देऊन काय आणलंस?''

''सहा फूट पाच इंच.''

''ते ठेवू कुठे?'' ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून मला भात गार मिळू लागला.

जत्रेच्या संचलनात प्रत्येक टीमपुढे एक म्यूज चालते. छान झगा, खांद्यावरून पट्टा, हात हलवत. पिडोच्या टीमपुढे त्याची तिसरी मुलगी चारितो होती. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. माझ्या टीमपुढे माझी मेहुणी होती, कारण दुसरं कोणी तयार झालं नाही. तिच्या टाचेचा बूट वाटेत तुटला. पण मला पर्वा नव्हती. माझ्या मागून टोटॉय चालत होता आणि वस्तीभर बांधलेल्या पताका त्याच्या कपाळाला लागत होत्या. मी पिडोकडे वळून पाहिलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो एल्मरच्या बुटाची नाडी सुटलीय म्हणून त्याला थांबवत होता.

मग पहिली मॅच सुरू झाली.

समोरच्या पोराने चेंडू टाकला. टोटॉय उडाला. काय उडाला! अख्ख्या मैदानाने श्वास रोखला. त्याने उजवा हात मागे नेला आणि चेंडूला असा सणसणीत तडाखा दिला की तो प्रेक्षकांवरून जाऊन कपितानांच्या पान्सितच्या ताटात पडला. नूडल्स त्यांच्या चष्म्यावर.

''हा ब्लॉक!'' मी ओरडलो. ''याला म्हणतात ब्लॉक!''

पुढचा चेंडू आमच्याच पोराने टाकला होता. टोटॉयने तोही हाणला. तो फादरना लागला. त्यानंतर चेंडू वर दिसला की टोटॉय उडायचा आणि हाणायचा. आपला, परका, काही भेद नाही. आमच्या टीमने चेंडू वर टाकणंच बंद केलं. पण बास्केट वर असते, त्याला काय करणार? मी विश्रांती मागून घेतली.

''बाळा, तू बास्केटबॉल खेळतोस ना?''

''नाही काका. व्हॉलीबॉल. कॉलेजच्या टीमचा कप्तान होतो.''

''मग बोलला का नाहीस?''

''कोणी विचारलंच नाही. पिडोकाकांनी विचारलं होतं. ते म्हणाले, चालेल, ट्यूब लावता येते ना?''

आम्ही मॅच हरलो. नंतरच्याही हरलो.

आता बाकावर माझा विषय होता. इतकी वर्षं मी ज्या जिभेने मरिनर्सना सोलून काढलं, तसल्या जिभा वस्तीत इतक्या असतील याची मला कल्पना नव्हती. केस कापायला आलेला प्रत्येक जण या अदलाबदलीचं परीक्षण करून जायचा. मासेवाली म्हणाली, ''मुलगाही दिला आणि पुढची पाळीही? कोणी बंदूक धरली होती का?'' कुलासकाका म्हणाले, ''मरिनर्सच्या म्हाताऱ्याला निदान बास्केटबॉल येत होता.''

ते मी सोसलं असतं. पण एल्मर आता रोज पिडोच्या अंगणात असायचा. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू यायचं. माझ्याकडे जेवताना हा मुलगा ''हं'' आणि ''नको'' एवढेच शब्द बोलतो, तिकडे त्याला गोष्टी सुचायच्या. रविवारी तो माझ्या दुकानात मोटरची गुंडाळी धरून बसायचा, तो आता पिडो चालवतो त्या रिक्षेखाली झोपून नटबोल्ट आवळायचा. एकदा मी भिंतीवरून डोकावलो. पिडो स्वतःच्या वाडग्यातलं अंडं त्याच्या वाडग्यात घालत होता, आणि एल्मर म्हणाला, ''बास, ताताय पिडो.''

ताताय पिडो! म्हणजे बाबा पिडो! आंबा गेला, तांदूळ गेले, कराओके गेलं, मी काही बोललो नाही. पण हा माझा मुलगा होता. मला इतकं वाईट वाटलं की मी भिंतीवरून उतरताना कुंडी फोडली.

मी सरळ पिडोकडे गेलो. ''पारे, अदलाबदल परत फिरवू. टोटॉय घे, माझे दुसरे दोन खेळाडू घे, वर नवा पंखा घे.''

पिडो म्हणाला, ''मला काही नको. तो येत असेल तर घेऊन जा.''

एल्मर वाडग्यात बघत म्हणाला, ''ताताय, मी इथेच बरा आहे.''

अंतिम मॅच मी प्रेक्षकांत बसून पाहिली. शेवटच्या क्षणी एल्मर तिघांच्या मधून निसटला आणि त्याने चेंडू टाकला. करंडक पिडोचा. लोक मैदानात घुसले. आणि एल्मर, घामाने निथळत, दोन्ही हात पसरून, धावत थेट माझ्या दिशेने आला! माझा सगळा राग विरघळला. रक्त ते रक्त! मी उभा राहिलो, हात पसरले.

तो माझ्या बाजूने गेला. माझ्या मागे पट्टा घातलेली चारितो उभी होती.

मी हात पसरलेले तसेच वर नेले आणि आळस दिला.

त्याच आठवड्यात एल्मर म्हणाला, ''ताताय, मला लग्न करायचंय.'' कोणाशी, हे विचारण्याची गरज नव्हती. गरज होती ती भाजलेल्या डुकराची. कारण मुलाच्या बापाने जेवण घेऊन मुलीच्या घरी जायचं आणि नम्रपणे मागणी घालायची, अशी आमची रीत. म्हणजे मी जायचं आणि पिडोकडे मागायचं!

पिडो इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला होता. डुक्कर टेबलावर, तोंडात सफरचंद. मला बोलायची आज्ञा झाली.

''पारे,'' पिडो म्हणाला, ''कसं काय येणं केलंत?''

आमच्यामध्ये एक भिंत आहे, आणि हा मला येणं कसं केलंत विचारतो! मिलाग्रोसने कोपर मारलं. मी खाली मान घालून म्हणालो, ''आमच्या एल्मरसाठी तुमच्या चारितोला मागायला आलोय.''

पिडोने डोळे पुसले. ''पारे, एक सांगू? मला चार मुली. तुझा एल्मर लहान होता ना, तुझ्या मागून पेचकस घेऊन चालायचा. मी भिंतीवरून बघायचो. आयुष्यभर मला एकाच माणसाचा हेवा वाटला. तुझा.''

माझा!

मला पुढचं नीट दिसेना. पिडोला माझा हेवा वाटत होता! मी टेबलावर मारायला गेलो तो हात डुकराच्या नाकाडावर बसला आणि मी म्हणालो, ''पारे, लग्नाचं सगळं माझ्याकडे.'' पिडोने हळूच विचारलं, बँडही? बँडही. जेवण अख्ख्या वस्तीला? दोनदा! पोरांनी त्याच्या माडीवर राहिलं तर चालेल? मी म्हणालो, ''पारे, तुझी माडी ती माझी माडी.'' मिलाग्रोसने माझ्या पायावर पाय दिला होता, पण मला कळतच नव्हतं.

परत निघालो तेव्हा छाती फुगलेली होती. मिलाग्रोस रिकामं ताट घेऊन पुढे चालत होती.

''ऐकलंस ना?'' मी म्हणालो. ''माझा हेवा. आयुष्यभर.''

''ऐकलं,'' ती म्हणाली. ''थोरलीला मागणी घालायला तिचा सासरा आला होता ना, त्या शिंप्यालाही हेच म्हणाला होता. शब्दाला शब्द. तू तेव्हा मागच्या खोलीत मरिनर्सची मॅच बघत बसला होतास.''

मी थांबलो. खरं तर इथे मला पिडोचा राग यायला हवा होता.

''शिंप्याला म्हणताना डोळ्यांत पाणी होतं?''

''होतं.''

''माझ्या वेळेपेक्षा जास्त?''

मिलाग्रोसने रिकामं ताट माझ्या हातात दिलं. आमचं दार आलं होतं.