रामटेके भाऊंचा बंद पंखा

चंद्रपुरात भर मे महिन्यात पंखा बंद करून बसणारा माणूस बघायचा असेल, तर आमच्या शेजारी या. रामटेके भाऊ. जन्मभर भामरागडची बस चालवली, आता वीतभर लांबीच्या बसगाड्या बनवतात. आणि चकचकीत गाडी तयार झाली की ती मळवतात!

आमच्याकडे कोळशाची धूळ घरपोच येते. मी फडकं मारून मारून थकते. भाऊ ती खरी धूळ ब्रशनं झटकतात आणि पेस्टलचे खडू किसून खोटी लावतात. चाकांवर तांबडी, सायलेन्सरपाशी काळी. मग दुरून वार्निशचा फवारा, की झाली पक्की. तोवर पंखा बंद, शिंकायचं नाही.

"धूळ पडू द्याची नसते बाई, बसवा लागते," हे त्यांचं पालुपद. फवारा अर्धी धूळ गिळतो, म्हणून आधी दुप्पट थापायची, हेही त्यांनीच शिकवलं. फार उशिरा. नवी नवरी असताना मी डबाभर पावडर थापून, पांढरी साडी नेसून भामरागडच्या बसमध्ये हट्टानं खिडकीशी बसले होते. पावडर घामानं वाहून गेली, तिच्या जागी रस्ता बसला. घ्यायला आलेल्या नवऱ्यानं आधी ट्रंक ओळखली, मग मला.

"वार्निश नाई मारलं ना तुमी!" भाऊ हसतात. तोंड फिरवून, अर्थात.

एक बस मात्र त्यांनी पक्की केलीच नाही. दोन उन्हाळे तिच्यापायी पंखा बंद. परवा घामानं निथळत मीच फवाऱ्याचा डबा उचलला.

"मारा, नाहीतर फुंकते!"

"ओ बाई, ठेवा तो! मांगची काच पाहा."

चष्मा चढवला. मागच्या काचेवरच्या धुळीत बारीक अक्षरं होती. गाडी धू रे.

"मडावीनं लिवलं. माहा कंडक्टर. खऱ्या गाडीवर रोज बोटानं लिवे, इथी आला तं काडीनं लिवून गेला. त्याच पावसाळ्यात तिकडं भामरागडले वारला. नदीले पूर, रस्ता बंद. जन्मभर त्या रस्त्यानं लोकं पोचवले, अन् त्याच्या मातीले मीच नाई पोचलो."

"मग पक्कं करा ना."

"दुसऱ्या काचेवर करून पाह्यलं. धूळ बसते बाई, अक्षर नाई बसत."

मी घरी गेले. नातवाचे मासे मेल्यापासून रिकामी पडलेली काचेची पेटी घेऊन आले.

"झाकताना हवा लागन!" भाऊ ओरडले.

"तुम्ही ओरडू नका, तेवढी हवा पुरे आहे."

श्वास रोखून पेटी बसवर पालथी घातली. भाऊंनी पंख्याचं बटण दाबलं आणि आम्ही दोन म्हातारे काचेला नाक लावून बसलो. अक्षर हललं नाही.

आठवड्याभरात पेटीवर आमची नेहमीची काळी धूळ बसली. मी सवयीनं फडकं उचललं, आणि ठेवून दिलं. बोटानं लिहिलं: पेटी धुवा, भाऊ.

त्यांनी अजून धुतलेली नाही.