गुरुवारची टर्की

ॲडमिनमध्ये उभी हयात गेलेल्या माणसाला अशक्य असं काही नसतं! सर्व्हर रूममधून मी धामण बाहेर काढली आहे. ऐन ऑडिटच्या दिवशी फुटलेली पाण्याची टाकी कुणाला कळू न देता बदलली आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका साहेबांना तर मी पायाला धरून ओढून काढलं, आणि वर तेच मला म्हणाले, "जरा हळू!" त्यामुळे एचआरची उत्कर्षा माझ्या टेबलाशी येऊन जेव्हा म्हणाली, "काका, आपल्याला टर्की वाटायच्या आहेत," तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "होऊन जाईल."

हे दोन शब्द माझ्या जिभेवर कुणी ठेवले, देव जाणे! दमलेल्या माणसानं शब्द देऊ नये. आणि मी तर ही कंपनी निघाली त्या दिवसापासून दमलेलोच होतो.

दोन हजार सहा सालची गोष्ट. नगर रोडला, वाघोलीच्या अलीकडे, काचेच्या इमारतीतली आमची सॉफ्टवेअर कंपनी. मी रंगराव, तिथला ॲडमिन मॅनेजर. राहायला कसब्यात. बाकी सगळे पंचविशीतले, म्हणून मी सगळ्यांचा काका. एसी गार लागतोय, काका! एसी लागतच नाहीये, काका! चहात साखर जास्त झाली, काका! सख्ख्या पुतण्यांनी आयुष्यात मला एवढ्या हाका मारल्या नसतील.

तर ही टर्कीची भानगड अशी. आमचे मोठे क्लायंट डगसाहेब अमेरिकेत. तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. त्या दिवशी घरोघरी टर्की शिजते. टर्की म्हणजे कोंबडीचीच जात, पण अंगानं चांगली तिप्पट आणि तोंडानं कायम रुसलेली. सणाआधी लोक टर्की जमवतात आणि गरीब घरांत नेऊन देतात. चांगलीच चाल आहे, नाही कोण म्हणतं? पण डगसाहेबांनी कॉलवर विचारलं, "पुणे काय करतंय?" आणि आमचे सेंटर हेड पृथ्वीराज म्हणाले, "वुई आर व्हेरी एक्सायटेड!"

पृथ्वीराज एक्सायटेड झाले, की पळायचं मला असतं.

एरवी मी काही तरी सबब सांगून सुटलोही असतो. पण माझा जीव अडकला होता नागपुरात. माझ्या लेकीला, तनुजाला, मुलगा झाला होता. पहिलं नातवंड! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच नागपूरला गेलं. म्हणजे तिची आई, आमची मुक्ता गेली. मी मागे राहिलो, खिचडी खायला. बारसं शुक्रवारी दुपारी, आणि माझी गाडी गुरुवारी संध्याकाळी. रजेचा अर्ज घेऊन गेलो तर पृथ्वीराज म्हणाले, "काका, गुरुवारी टर्की वाटल्याचा फोटो डगला गेला, की तुम्ही मोकळे!"

"नक्की?"

"प्रॉमिस!"

मी चांदीचे वाळे आणून बॅगेत ठेवले. नातवाचे पाय मी अजून पाहिलेही नव्हते.

टर्की वाटायच्या कुणाला, तर आमच्या साफसफाईच्या बायकांना. वाघोलीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहतात त्या. उत्कर्षानं त्यावर मीटिंग लावली. आमच्याकडे नळाचं वॉशर बदलायचं असलं तरी मीटिंग लागते. विषय होता, टर्की लोकांना आवडेल का? झालं! सगळं ऑफिस जेवणावर घसरलं.

सिक्युरिटीचे सर्जेराव कोल्हापूरकडचे. ते म्हणाले, "मांस म्हणजे मटण. बाकी सगळी पालेभाजी."

"पाण्यात पोहत नाही ते आम्ही जेवणात धरतच नाही," मालवणची श्रद्धा म्हणाली.

"काही म्हणा काका, सावजी मसाला टाकला की काहीही चालते. तर्री पाहिजे फक्त!" हा नागपूरचा तेजस.

"मी चिकन खाते, पण हाड नको. आणि कोंबडी आठवायला नको," मागून कुणी तरी बोललं.

उत्कर्षा स्वतः शुद्ध शाकाहारी. अंडं फक्त केकमधलं, तेही न सांगितलं तर. शेवटी पृथ्वीराज ओरडले, "अरे, आपल्याला खायची नाहीये, द्यायची आहे!" ज्यांना द्यायची होती त्यांना विचारायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा वाळे वाजत होते.

मांजरी गावात हिंदुराव नावाचे एक बागायतदार आहेत. निम्मा ऊस गेला, तिथं बिल्डिंगा आल्या. उरलेल्या जागेत त्यांनी हौसेनं टर्की पाळल्या होत्या. मी फोन केला.

"डझनभर पाहिजेत. गुरुवारी सकाळी. मिळतील?"

"मिळत्याल की! न मिळायला काय झालं?" हिंदुराव म्हणाले. "पर सायेब, गुरुवारीच का?"

"अमेरिकेत सण आहे."

"आसंल बाबा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काही तरी होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी "होऊन जाईल" म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी टेम्पो गेटात आला. मागच्या जाळीतून गळ्याखाली लोंबणाऱ्या डझनभर लालभडक पिशव्या हलत होत्या. मी म्हटलं, "हिंदुराव, हे काय? जिवंत?"

"मग काय फोटूतल्या पायजे होत्या?"

"अहो, कापून, साफ करून द्यायच्या ना!"

हिंदुरावांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले. "आज? सायेब, आज मार्गशीर्षातला पयला गुरुवार हाय! आमच्या गावात आज सुरी कांद्यालाबी भिऊन लागंल!"

मी तिथंच पायरीवर बसलो.

तुम्ही म्हणाल, एवढं साधं कळलं नाही? अहो, मीही मटण खाणारा माणूस आहे! सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि उरलेल्या वारी आमचं घर मांसाहारी. मार्गशीर्षात तर महिनाभर नाव काढायचं नाही. पण हे सगळं पाठ असतं बायकोला. नवऱ्यानं पानात येईल ते खायचं असतं. बायको नागपुरात, आणि आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून दिवाळीवरच थांबलेलं. अमेरिकेचा सण मला ठाऊक होता, घरचा महिना नव्हता!

"परत घेऊन जा," मी म्हटलं.

"नेल्या आसत्या. पर खंडोबाचं नवरात्र हाय. असाच टेम्पो घिऊन जेजुरीला निघालोय. घरी कुनी न्हाई. षष्ठी झाली की येतो." टर्क्या आमच्या जनरेटरमागच्या कुंपणात सोडून टेम्पो निघूनही गेला. सर्जेराव रजिस्टर घेऊन आले. "काका, ह्यांचा व्हिजिटर पास कुणाच्या नावानं करू?"

साफसफाईच्या बायका आल्या. पुढे मथुराबाई. अंगात एरवीचाच निळा कोट, पण आज त्याखाली ठेवणीतलं लुगडं, केसांत गजरा, हातात हळदीकुंकवाची डबी. मी आपलं पाठ केलेलं बोललो, "मथुराबाई, कंपनीतर्फे तुम्हा सगळ्यांना सणाची भेट आहे."

मथुराबाईंनी कुंपणात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते दुसरं पाहणं मी विसरलेलो नाही.

"काका, घरी घट मांडून आलेय मी. निरंकार उपास हाय माझा. आन् तुम्ही मला कोंबडं देताय?"

"आज नका खाऊ हो! महिनाभर ठेवा घरी. मग खा."

"घरी ठिवायचं?" त्या कडाडल्या. "पोरं दुसऱ्या दिवशी नाव ठिवत्याल त्याचं! नाव ठिवलं की नातं लागतंय. मग कापणार कोण? तुम्ही येणार?"

मी येणार नव्हतो.

तेवढ्यात पृथ्वीराज खाली आले. आल्या आल्या ओरडले, "काका! व्हॉट इज धिस?" आणि कुंपणातून एकदम कोरस आला, "गुर्रर्र-गुर्रर्र!" या पक्ष्याची खोडच ती. मोठा आवाज झाला, की सगळ्या मिळून उत्तर देतात. पृथ्वीराज आणखी ओरडले, "फोटोचं काय?" "गुर्रर्र!" "डगला काय सांगू?" "गुर्रर्र!" कंपनीत आजवर त्यांना एवढं तत्पर उत्तर कुणी दिलं नव्हतं. खिडक्यांत सगळा स्टाफ गोळा झाला. कुणी तरी कॅन्टीनमधली उपासाची साबुदाणा खिचडी आणून टाकली, ती टर्क्यांनी मिनिटात साफ केली. घ्या! पक्षीसुद्धा उपास धरून बसले!

दुपार कलली. फोटो नाही म्हणजे रजा नाही, रजा नाही म्हणजे बारसं नाही. मी मथुराबाईंना हातच जोडले. खरं ते सांगून टाकलं. नातू, वाळे, गाडी, सगळं. 

"आधी न्हाई का सांगायचं!" त्या म्हणाल्या. "खाणार न्हाई, घरी नेणार न्हाई. पर लक्ष्मीच्या वारी मुकं जनावर दारात आलंय, त्याला कुंकू लावायला काय जातंय?" आणि बाई कुंपणात शिरल्या! मागून बाकीच्या. सगळ्यात थोराड टर्कीच्या डोक्याला हळदकुंकू लागलं, गळ्यात गजरा पडला, पायांवर अक्षता पडल्या. ती टर्कीही अशी तोऱ्यात उभी राहिली, की जणू मुलाकडचीच! उत्कर्षानं फोटो काढला आणि डगसाहेबांना पाठवला. मी बॅग उचलली.

गेटपाशी पोचलो आणि मागून हाक आली, "काका!"

पृथ्वीराज धावत येत होते. चेहरा फुललेला. डगसाहेबांचं उत्तर आलं होतं. तिकडे म्हणे सणाला एखाद्या टर्कीला समारंभानं जीवदान देतात. पुण्यानं तर डझनभर टर्क्यांना देऊन टाकलं! डगसाहेबांचे डोळे पाणावले होते. सोमवारी ते वेबकॅमवर सगळ्या टर्क्यांना भेटणार होते.

"एकीलाही काही होता कामा नये, काका! बाहेर भटकी कुत्री आहेत."

"साहेब, तुम्ही प्रॉमिस केलं होतंत."

"हो, पण हे तुमचंच सक्सेस आहे ना? तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

मी सर्जेरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझी नेमणूक माणसं अडवायला आहे. पाखरं राखायला नाही." पृथ्वीराजांनी आवाज चढवला, "काका, प्लीज!" आणि कुंपणातून उत्तर आलं, "गुर्रर्र!" माझ्या वतीनंही त्याच बोलल्या.

गाडी गेली. मी मुक्ताला फोन केला. काय सांगणार? म्हटलं, "टर्की राखायला थांबलोय." मग ती म्हणाली, "अहो, दुसरी काही तरी थाप मारा. मी व्याह्यांना हे सांगू?" आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. चाळीस ठिकाणी "होऊन जाईल" म्हणणारा माणूस मी, आणि आपल्याच घरचं एक होऊन गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी जनरेटरमागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी, आणि भोवती ती मंडळी. मोबाइल वाजला. मुक्ताच! राग आला तरी ती मला विसरली नव्हती. "पाळण्याशी फोन धरलाय. ऐका तरी," म्हणाली. मी फोन स्पीकरवर टाकला. पाळणा म्हटला जात होता, बाळ टाहो फोडत होतं. आता आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. बायकांनी गलका केला, "चला, वाका! वाका!" आत्या वाकली असेल नसेल, तेवढ्यात गलका ऐकून माझ्या मांडीशी उभी असलेली ती गजरेवाली टर्की फोनमध्ये तोंड घालून सगळं बळ एकवटून म्हणाली,

"कुर्रर्रर्र!"

मी शपथेवर सांगतो, गुर्र नाही, कुर्र!

नागपुरात बाळसुद्धा रडायचं थांबलं. मग जो हशा उठला तो माझ्या खुर्चीपर्यंत आला. आत्या बिचारी "शंभू" म्हणाली, पण मानाचे धपाटे तिच्या पाठीत घालायचे बायका हसता हसता विसरल्या. मुक्ता फोनवर आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. "अहो, तुम्ही आलात म्हणायचं!" एवढंच म्हणाली. मी डोळे पुसले. समोर फक्त टर्क्या होत्या, म्हणून पुसले.

षष्ठीनंतर हिंदुराव आले आणि मंडळींना घेऊन गेले. वाळे मी पुढच्या महिन्यात नेऊन घातले, जरा घट्टच झाले.

तो शंभू आता वाघोलीला इंजिनीअरिंग करतो, आमच्याकडेच राहतो. खाण्याच्या बाबतीत कोणताही भेद मानत नाही. मटण, चिकन, मासे, त्याला सगळं चालतं. नाताळात त्याला आणि मुक्ताला घेऊन एका मोठ्या हॉटेलात गेलो. मेनूत टर्की होती! म्हटलं, आयुष्यात एकदा चव तरी बघू. शंभू म्हणाला, "मला नको हं."

"का रे? तू तर सगळं खातोस."

"आजोबा, कुर्र करते ती आत्या ना? आत्याला कुणी खातं का?"

मी निमूट मेनू उलटा केला आणि वेटरला म्हटलं, "मटण आणा."

मुक्तानं हळूच विचारलं, "अहो, आज वार कोणता?"

गुरुवार होता. तिघांनी पनीर खाल्लं.