छबूबाईंच्या नावाखालची लाल रेघ

मोनिकाने छबूबाईंचं नाव लॅपटॉपमध्ये घातलं, ते केवळ त्या समोर शेंगा फोडत बसल्या होत्या म्हणून. नमुन्याला एक पेशंट हवा होता आणि डोळ्यांसमोर सासूबाईच होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख टाईप करून झाली आणि नावाखाली लाल नागमोडी रेघ उमटली.

काम म्हटलं तर साधं होतं. दवाखान्यांनी पेशंटची माहिती कशी भरायची, याचे नियम पुण्याच्या एका कंपनीने ठरवले होते. माहिती त्या नियमांत बसते की नाही, हे तपासणारं एक्स्टेन्शन, म्हणजे एक छोटा पूरक प्रोग्राम, मोनिकाने आपल्या कोड एडिटरला जोडायचं आणि तीन वाजता व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या राधाकृष्ण सरांना चालवून दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम, तीही सोनईत घरी बसून. नाही जमलं तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात, सरांच्या नजरेखाली. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान सोनईत, सासूबाई सोनईत, आणि आपण पुण्यातल्या कुठल्याशा खोलीत एकटीपुरता भात लावतोय, हे चित्र तिला सकाळपासून तीनदा दिसलं होतं.

"ही लाल रेघ कसली गं?" छबूबाई पुढं झुकल्या. वाचता येत नसलं तरी बचत गटात सह्या करून करून स्वतःचं नाव त्यांना ओळखता येत होतं.

"तपासतंय ते, आत्याबाई."

"काय तपासतंय?"

"आरोग्याची माहिती," स्क्रीनवरची नजर न काढता मोनिका म्हणाली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

छबूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. स्वतःची नाडी धरून पाहिली. मग अंगणात जाऊन भिंतीपलीकडच्या रतनबाईंना सांगितलं, "मला कायतरी निघालंय."

रतनबाई दहा मिनिटांत केळी घेऊन आल्या. फोन गेला तसे घोडेगावहून छबूबाईंचे धाकटे भाऊ अजिनाथमामा बिस्किटाचे पुडे घेऊन आले. मागच्या जीपमधून त्यांची निम्मी भावकी उतरली. दोन वाजता घरात, छबूबाई धरून, नऊ म्हातारी माणसं होती.

"अक्का, दुखतंय कुठं?"

"दुखत न्हाई कुठंच," छबूबाई खोल आवाजात म्हणाल्या. "दुखत न्हाई तेच लई वाईट असतंय म्हनत्यात."

"मामा, हे रोग शोधत नाही हो," मोनिका म्हणाली. "फॉर्म नीट भरलाय का, एवढंच बघतं."

"मंग अक्काचाच का धरलाय? माझं घाल बरं नाव."

समजूत पटावी म्हणून तिने मामांचं आधार कार्ड बघून नाव घातलं. लाल रेघ आली. मामा होते तिथंच खाली बसले.

"माझं बघ गं," रतनबाईंनी पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. लाल. मग मामींचं, चुलत्यांचं. पाऊण तासात नऊच्या नऊ नावांखाली रेघा आल्या.

"पानीच तसलं हाय," रतनबाई म्हणाल्या. "म्या सरपंचाला कवाच सांगितलं हुतं."

नऊ रेघा बघता बघता मोनिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊ माणसांचं सगळंच चुकीचं कसं असेल? नियमांची मूळ फाईलच तिने उतरवून घेतली नव्हती. ताडून बघायला काही नाही म्हटल्यावर एक्स्टेन्शन येईल त्याला नापास करत सुटलं होतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते. तिने फाईल उतरवायला लावली, तर ती दोन टक्क्यांवर अडून बसली. खाटेवर कुणाच्या मोबाईलवर कीर्तन चालू होतं, दारात कुणाच्या कुस्ती, आणि मामी कुणाला तरी व्हिडिओवर छबूबाई दाखवत होत्या.

"वायफायचा पासवर्ड कुणी दिला?"

"म्या," छबूबाई म्हणाल्या. "पाव्हन्यांना न्हाई कसं म्हनावं?"

"सगळ्यांनी मोबाईल बंद करा. आत्ताच्या आत्ता."

तपासणीचाच भाग समजून सगळ्यांनी मोबाईल मुकाट बंद केले. तीनला दोन मिनिटं असताना फाईल उतरली आणि नऊच्या नऊ रेघा एकदम नाहीशा झाल्या. मामांनी लांब श्वास घेतला. "हलकं वाटतंय आता," म्हणत त्यांनी केळं सोललं.

राधाकृष्ण सरांनी पडद्यावरची यादी शांतपणे पाहिली. "मोनिका, नऊ पेशंट आणि सगळ्यांचा जन्म एक जूनचा? एकच ओळ नऊदा चिकटवलीत."

"सर, खरी माणसं आहेत."

"सोमवारी ऑफिसला या. इथं बसून नीट करू."

मोनिकाच्या खांद्यावरून मामांनी डोकं घातलं. "साहेब, आमी समदे एक जूनचेच हाय. शाळंत गेले त्यांना गुरुजींनी दिली. न्हाई गेले त्यांना आधारवाल्यानं दिली." आणि नऊ कार्डं कॅमेऱ्यासमोर आली.

सरांनी डोळ्यांवर हात घेतला. "कार्डं खाली घ्या. कुणाचीही माहिती अशी दाखवायची नसते."

"मंग तुमाला खरं कसं वाटावं?"

"खरी तारीख काय मग तुमची?"

"माझी व्हय?" रतनबाई मध्येच बोलल्या. "पाथर्डीची मान्सं ऊस तोडाया आल्ती, तवाची."

"कालच मी एक नियम लिहिला," सर म्हणाले. "एकच जन्मतारीख पुन्हा पुन्हा आली, तर पेशंट खोटे समजायचे. निम्मा जिल्हा खोटा ठरला असता." त्यांनी घसा साफ केला. "हे मला पुण्यात कुणी सांगितलं नसतं. तुम्ही तिथंच राहा. तिथूनच काम करा. फक्त खरी नावं काढून पाच वाजेपर्यंत फाईल पाठवा. एकही लाल रेघ नको."

पावणेपाचला स्वच्छ फाईल गेली. पाहुणे चहा घेऊन पांगले. छबूबाई मात्र लॅपटॉपजवळ घुटमळत राहिल्या.

"मघाशी पुष्पीला फोन केल्ता. निघालीय ती श्रीरामपूरहून."

"अहो, मग वन्सना कळवा ना, काही झालं नाही म्हणून."

"कळवलं तर नेवाशातूनच माघारी जाईल." छबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "आठ म्हयनं झालं, लेक म्हायेरी आली न्हाई."

मोनिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःपुरती एक नवी फाईल उघडली, तीत छबूबाईंचं नाव घातलं आणि जन्मतारखेतला महिना पुसून टाकला. लाल रेघ उमटली.

छबूबाईंनी ती चष्मा लावून नीट पाहून घेतली आणि खाटेवर आडव्या झाल्या.

"आता ती गोधडी टाक पायावर," त्या म्हणाल्या. "आन केळी झाकून ठेव. म्या दोनच खाल्ली म्हनायचं."